‘जडवामनता’ : एका संज्ञेचे परीक्षण

अवटु ग्रंथीचा स्राव जन्मतःच अपुरा असल्याने अर्भकास जी अवस्था प्राप्त होते, तिच्यासाठी मराठी विश्वकोशात ‘जडवामनता’ ही संज्ञा योजिलेली आढळते. तिची घडण निर्दोष आहे. परंतु संज्ञेची परीक्षा व्युत्पत्तीवर संपत नाही. ती वस्तुस्थितीचे कोणते अंग दाखविते व कोणते झाकते, हेही पाहावे लागते.

‘जड’ म्हणजे मंद आणि ‘वामन’ म्हणजे ठेंगू. ही दोन्ही उपचाराअभावी होणाऱ्या परिणामांची नावे होत. त्यांस ‘-ता’ हा भाववाचक प्रत्यय लागताच तो परिणाम जणू बालकाचा स्थायी धर्म ठरतो. युरोपीय ‘क्रेटिन’ शब्दाचे मूळ ‘ख्रिस्ती’, म्हणजे ‘माणूसच’, या अर्थाच्या शब्दात सांगितले जाते. हेटाळणी त्याला पुढे चिकटली. आपल्या संज्ञेत ती आरंभापासूनच आहे.

थायरॉक्सिन १९१४ साली केंडॉल यांनी वेगळे केले व १९२७ साली त्याचे संश्लेषण झाले. १९७४ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात रक्ताच्या थेंबावरून नवजातांची तपासणी सुरू झाली. गोव्यात शासनाने असा कार्यक्रम २००८ साली हाती घेतला. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाल्यास बहुतेक बालकांची वाढ इतरांसारखीच होते. म्हणजे संज्ञा ज्याला स्वभाव म्हणते, तो वस्तुतः विलंबाचा परिणाम आहे.

पाठ्यपुस्तकांतील ‘कारक विकास’ हा पर्यायही येथे फारसा उपयोगी नाही. व्याकरणाच्या विद्यार्थ्यास त्यातून प्रथम विभक्तीच आठवेल. याउलट घरची भाषा नेमकी आहे : बाळ मान धरते, पालथे पडते, बसते, रांगते, पाऊल टाकते. या प्रत्येक क्रियापदाचा कर्ता बाळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मानकांत आधाराविना बसण्याचा काळ सुमारे ४ ते ९ महिने व स्वतंत्र चालण्याचा सुमारे ८ ते १८ महिने दिला आहे. मराठीशेजारी कन्नडही नांदते अशा वळसंगसारख्या गावी आईशी बोलताना हीच क्रियापदे, तिच्या तिच्या भाषेतली, कामी येतील.

तथापि घरच्या भाषेलाही मर्यादा आहे. या विकारात स्नायू सैल पडतात, लहान मेंदूची घडण रेंगाळते; पण आईकडून गर्भाला मिळालेल्या स्रावामुळे जन्मवेळी बाळ बहुधा निरोगीच दिसते. पुढे ते फार झोपते, कमी रडते, आणि घर त्याला ‘गुणी बाळ’ म्हणते. मान धरली नाही हे ध्यानी येईतो उपचाराचा मोलाचा काळ गेलेला असतो.

म्हणून शास्त्रीय लेखनात ‘जन्मजात अवटुन्यूनता’ हीच संज्ञा स्वीकारावी. तिच्यात उणीव सांगितली जाते, भवितव्य नव्हे. आणि उणीव भरून काढता येते. घरच्या क्रियापदांचा उपयोग उपचारानंतरची प्रगती पाहण्यासाठी व्हावा. निदानाचा भार मात्र त्यांच्यावर टाकू नये. तो टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबानेच वाहावा.