मोर, साप आणि सत्तावीस हात

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एक मोर आहे. नऊ हात उंच खांबावर बसलेला, पाळीव. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. उंचीच्या तिप्पट अंतरावर, म्हणजे सत्तावीस हातांवर, त्याला बिळाकडे येणारा साप दिसतो आणि तो तिरपी झेप घेतो. दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल ते झटकन सांग, एवढाच प्रश्न. (मोर पहिल्यापासून नेमका त्या बिंदूच्या रोखाने उडतो, तेव्हा उदाहरण सोडवूनच तो खांबावरून निघाला असणार.)

शाळेतली रीत आपल्याला पाठ आहे. कच्ची आकृती काढायची आणि लिहायचं : समजा, गाठ बिळापासून क्ष हातांवर पडते. साप चालला २७ − क्ष. मोराची झेपही तेवढीच, आणि तीच काटकोन त्रिकोणाचा कर्ण. पायथागोरसच्या प्रमेयानुसार (२७ − क्ष)² = ८१ + क्ष². कंस सोडवला की ७२९ − ५४क्ष + क्ष² = ८१ + क्ष². आता वर्गसमीकरण गळ्यात पडणार अशी धास्ती वाटते, तोच दोन्ही बाजूंचे क्ष² कटतात. ५४क्ष = ६४८, क्ष = १२. पूर्ण गुण. पण ते क्ष² नशिबाने गेले की जाणारच होते, याचं उत्तर या पायऱ्या देत नाहीत.

भास्कराचार्य क्ष मानतच नाहीत. उंचीचा वर्ग अंतराने भागा : ८१ ÷ २७ = ३. हे तीन अंतरातून वजा करा : २४. निम्मे करा : १२. संपलं. पहिल्यांदा वाचताना ही हातचलाखी वाटते, कारण उंचीच्या वर्गाला जमिनीवरच्या अंतराने भागायचं कारण काय?

कारण ‘चाल सारखी’ या दोन शब्दांत दडलेलं आहे. कथेत ते मोराचं आणि सापाचं वर्णन; गणितात त्यांचा अर्थ असा की कर्ण उचलून जमिनीवर आडवा ठेवता येतो. सापाची वाट म्हणजे कर्ण, आणि उरलेली, गाठीपासून बिळापर्यंतची, म्हणजे भुज. दोन्ही मिळून सत्तावीस. म्हणजे कर्ण आणि भुज यांची बेरीज आपल्याला न मागता मिळालेली आहे. त्यांच्या वर्गांची वजाबाकी म्हणजे उंचीचा वर्ग, ८१. वर्गांतराला बेरजेने भागलं की वजाबाकी येते, ती तीन. बेरीज सत्तावीस, वजाबाकी तीन. यावरून दोन संख्या काढण्याला भास्कराचार्य ‘संक्रमण’ म्हणतात आणि ग्रंथात आधीच शिकवून मोकळे झालेले असतात. कर्ण १५, भुज १२. खांबाचे ९ धरले तर ३, ४, ५ चाच त्रिकोण, तिपटीने वाढलेला. आणि क्ष² जाणारच होते : वर्गांतर म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, आणि बेरीज ठरलेली असली की त्यात क्ष² उरतच नाही.

मूळ सूत्रात हे ‘का’ नाही, फक्त ‘कसं’ आहे. पद्यात सूत्र, तोंडी उलगडा, अशी वाटणी असावी. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला; तिथे हा उलगडा होत असणार. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत उपपत्ती लिहून काढल्या.

मला मात्र मोरापेक्षा त्याच ग्रंथातलं कमळ सरस वाटतं. पाण्यावर अर्धा हात दिसणारी कळी वाऱ्याने झुकत दोन हातांवर बुडते. पाणी किती खोल? इथे देठ हाच कर्ण, खोली ही कोटी, म्हणजे उभी बाजू, आणि मिळालेली आहे ती बेरीज नव्हे, वजाबाकी : अर्धा हात. वर्गांतर चार. भागलं की बेरीज आठ. मोराचीच किल्ली, उलटी फिरवलेली, आणि खोली पावणेचार हात.