हेउमॉन्स्की, यूझेफ
(७ नोव्हेंबर १८४९–६ एप्रिल १९१४). घोडे, घोडागाड्या व हिवाळी ग्रामदृश्ये यांच्या चित्रणासाठी प्रसिद्ध असलेला पोलिश वास्तववादी चित्रकार. जन्म वॉव्हिचजवळील बॉच्की या खेड्यात. वॉर्सा येथे व्हॉइचेख गेर्सन याच्याकडे व पुढे म्यूनिक येथे कलाशिक्षण. १८७५ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथे त्याच्या भरधाव घोडागाड्यांच्या आणि बर्फावरील घसरगाड्यांच्या चित्रांना, विशेषतः अमेरिकन ग्राहकांकडून, मोठी मागणी आली. त्याची दृक्‌स्मृती असामान्य होती. चार घोड्यांची गाडी (१८८१, राष्ट्रीय संग्रहालय, क्रेको) या सु. ६·६ मी. रुंदीच्या चित्रात घोडे चिखल उडवीत थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतात. हा जोम अस्सल आहे. तथापि ग्राहकांच्या मागणीमुळे तीच योजना वारंवार योजली गेली व पुनरुक्तीचा दोष शिरला. अशा चित्रांतील बर्फ पुष्कळदा गडद घोड्यांना उठाव देणारी पांढरी पार्श्वभूमी एवढेच काम करतो.

१८८७ मध्ये तो मायदेशी परतला व १८८९ पासून कुक्लूव्का या खेड्यात राहिला. तेथील काळातील तितर (१८९१, राष्ट्रीय संग्रहालय, वॉर्सा) या चित्रात घोडा नाही, गाडी नाही, रस्ताही नाही. अंग आखडून बर्फातून चालणारा पक्ष्यांचा थवा आणि धूसरतेत विरलेले क्षितिज एवढाच विषय. पण थंडी येथे खरोखर जाणवते. घोड्यांमुळे नावाजलेल्या या चित्रकाराचे सर्वोत्कृष्ट हिमदृश्य हेच मानावे लागते. कुक्लूव्का येथे त्याचे निधन झाले.