अनेकार्थी शब्द आणि भाषा-सर्वेक्षणाची प्रश्नसूची

जळगाव जामोद तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत निहाली बोलली जाते. कोणत्याही ज्ञात भाषाकुलात तिला निःशंकपणे बसविता आलेले नाही. तिच्या अभ्यासकांना दीर्घकाळ आधार होता तो ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडातील नमुन्याचा. १९४० साली रॉबर्ट शेफर यांनी केलेले विवेचनही याच अल्प सामग्रीवर उभे होते. एवढ्याशा पुराव्यावरून एका भाषेचे कुल ठरविले जात असेल, तर पुरावा गोळा करण्याच्या साधनांची परीक्षा अगत्याची ठरते.

सर्वेक्षणाची प्रमुख साधने दोन : बायबलातील उधळ्या पुत्राची कथा आणि २४१ शब्द व वाक्ये यांची इंग्रजी सूची. सर्व भाषांना एकच सूची लावल्यामुळे तुलना सुलभ झाली, हा तिचा गुण निर्विवाद होय. तथापि याच एकरूपतेत तिचा दोषही दडलेला आहे. सूचीतील एका वाक्यात कुणाच्या तरी ‘अंकल’च्या मुलाचा विवाह येतो. हा ‘अंकल’ काका की मामा? मराठीत चुलतभाऊ निराळा, मामेभाऊ निराळा. अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह होतो, चुलत्याच्या मुलीशी होत नाही. भाषांतरकार यांपैकी एक अर्थ निवडतो. परंतु ही निवड इंग्रजी शब्दाच्या आड झाकली जाते.

‘वुई’ या सर्वनामाचेही असेच आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की श्रोता वगळला जातो, ‘आपण’ म्हटले की सामावला जातो. निहालीच्या शेजारची कोरकू हा भेद पाळतेच, शिवाय द्विवचनही राखते. सुट्या ‘वुई’समोर एकच रूप नोंदविले, तर उरलेली रूपे त्या भाषेत नाहीतच असा भ्रम होतो. उलट कथेत पिता थोरल्या पुत्राला आनंदोत्सवात सहभागी होण्यास सांगतो, तेव्हा प्रसंगच ‘आपण’ची मागणी करतो.

मात्र दोष केवळ इंग्रजीचा मानणे अन्यायाचे होईल. सूचीतील ‘फुट’ म्हणजे पाऊल. मराठीत विचारताना त्याचा सहज ‘पाय’ होतो आणि त्यात मांडीपासूनचा सारा अवयव येतो. निहाली भाषक बहुधा मराठी वा हिंदीही जाणतात. त्यामुळे विचारणाऱ्याच्या मध्यस्थ भाषेतील संदिग्धता उत्तरात उतरते, आणि छापील पानावर मात्र केवळ इंग्रजी शब्द व त्यासमोरचे निहाली रूप एवढेच उरते.

निहालीचे भाषक आज काही हजारांच्या आतच आहेत. अशा भाषेच्या संशोधकाने शब्दाऐवजी प्रसंग विचारावा, काका आणि मामा यांची नाती निरनिराळी मांडावीत, आणि कोणत्या भाषेतून कोणता प्रश्न केला तेही उत्तराशेजारी नोंदवावे. शब्दकोशातील चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. भाषकच उरले नाहीत, तर सुधारणार कोणाला विचारून?