आशयसूत्र आणि कुमारांचे वाचन

ब्रिटनमधील सार्वजनिक ग्रंथालयांतून १९९९ पासून ‘समर रीडिंग चॅलेंज’ हा वाचन-उपक्रम चालतो. चार ते अकरा वर्षांच्या मुलांनी उन्हाळी सुट्टीत साधारणतः सहा पुस्तके वाचावीत, अशी त्यात अपेक्षा असते. दरवर्षी एक सूत्र ठरते: २०१६ मध्ये रोआल्ड डाल यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांचे साहित्य, २०१९ मध्ये अंतराळ. पुस्तकाची निवड मात्र मुलाकडेच राहते.

ही मोकळीक समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सूत्रानुसारच पुस्तके निवडली जाऊ लागली, की विषय आणि आशय यांची गल्लत होते. ई. बी. व्हाइट यांची ‘शार्लट्स वेब’ (१९५२) ही कादंबरी ‘प्राणी’ या सूत्राखाली सहज बसेल. परंतु तीत कोळीण जाळ्यात शब्द विणते, त्या शब्दांमुळे विल्बर या डुकराचा जीव वाचतो आणि ती स्वतः मरण पावते. भाषेचे सामर्थ्य आणि मृत्यूची अपरिहार्यता यांचा हा अनुभव ‘प्राणी’ या नोंदीत सामावत नाही. प्रौढांच्या साहित्याचे असे विषयवार वर्गीकरण आपण समीक्षा मानत नाही. कुमारसाहित्याच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर समाधान मानतो. म्हणून सूत्राचे स्थान निमंत्रणापुरतेच असावे. मुलाला त्या कृतीत काय गवसले, हा प्रश्न सूत्राने आधीच निकालात काढू नये.