शिकारीची कथा आणि मांसाची कथा

शिकारकथा कोठे संपते, हा प्रश्न वरवर केवळ तंत्राचा वाटतो. बार झाला, जनावर कोसळले, की बहुतेक शिकारकथांतील निवेदन थांबते. त्यानंतरची कामे, म्हणजे कातडे सोलणे, आतडी काढणे, सांधे मोकळे करणे, वाटे घालणे, मीठ लावून मांस टिकविणे, कथेच्या हद्दीबाहेर राहतात. या वगळण्यामागे एक मूल्यव्यवस्था उभी आहे. तिच्या लेखी मारणे ही ‘कृती’ आहे आणि कापणे हे ‘काम’ आहे. कृतीला नायक लाभतो. कामाला केवळ हात असतात आणि ते हात बहुधा निनावी असतात.

ही विभागणी जुनी आहे. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो, तर विदूषक तिच्या नावाने कुरकुरतो. अवेळी खावे लागणारे सळईवर भाजलेले मांस त्याच्या तक्रारीत येते. मृगयेचे शौर्य राजाच्या वाट्याला आणि तिचे मांस विनोदाच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे.

आधुनिक वाङ्मयात हीच वाटणी विल्यम फॉकनरच्या ‘गो डाउन, मोझेस’ (1942) या ग्रंथात अधिक गुंतागुंतीच्या रूपात भेटते. ‘द ओल्ड पीपल’ या कथेत सॅम फादर्स हा चिकसॉ आणि आफ्रिकी वंशाचा वृद्ध, आयझॅक मॅकॅस्लिन या मुलाने मारलेल्या पहिल्या हरणाचे ऊन रक्त त्याच्या चेहऱ्याला लावतो. येथे रक्त हे दीक्षेचे चिन्ह आहे. मात्र त्या हरणाचे पुढे मांस होते, या गोष्टीला कथेच्या अर्थरचनेत स्थान नाही. ‘द बेअर’मध्ये तर ओल्ड बेन हे अस्वल मिथकाच्या पातळीवर पोहोचते आणि मिथक कोणी शिजवून खात नाही. तरीही त्या तळावर रोज स्वयंपाक होतो. तो करणारा अ‍ॅश हा कृष्णवर्णीय आचारी एकदा रुसतो. मुलाने पहिले हरीण मारले, तेव्हा आपल्यालाही शिकारीला जायचे आहे, असा त्याचा हट्ट असतो. मुलगा त्याला घेऊन जातो. समोर अस्वलाचे पिल्लू येते आणि अ‍ॅशची बंदूक काही केल्या उडत नाही. हा प्रसंग हास्यकारक आहे. परंतु तो हास्यकारकच का, असे समीक्षकाने विचारले पाहिजे. ज्याच्याकडे मांसाची कथा सोपविलेली आहे, त्याने शिकारीच्या कथेत पाऊल टाकताच कथेचा सूर गंभीराचा विनोदी होतो. विदूषकाची जागा येथे वर्णाने ठरविली आहे. फॉकनरचे मोठेपण असे, की त्याने ही जागा लपविली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे ‘लिटल हाउस इन द बिग वूड्स’ (1932) हे पुस्तक आहे. बालवाङ्मय म्हणून ते समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवले जाते; पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ते अधिक धीट आहे. विस्कॉन्सिनच्या रानात 1870च्या दशकात राहणाऱ्या कुटुंबाची ही कथा आहे. येथे शिकारीचा क्षण जवळजवळ गाळला जातो आणि मांसाला सविस्तर निवेदन मिळते. हरणाच्या मांसाला मीठ लावणे, पोकळ ओंडक्याचे धुराडे करून आत खिळ्यांवर ते टांगणे, हिकरीच्या ओल्या ढलप्यांची धुरी देणे, हे सारे क्रमाने येते. धूर विझू नये म्हणून लक्ष ठेवण्यात आई आणि मुलीही सहभागी असतात. घरचे डुक्कर मारण्याच्या दिवशी लॉरा कानांत बोटे घालते. नंतर मात्र त्याच डुकराच्या मूत्राशयाचा फुगा करून खेळते आणि भाजलेले शेपूट चवीने खाते. भय आणि आनंद यांच्यामध्ये लेखिका कोणतेही समर्थन घालीत नाही; हे समर्थन न घालणे हीच तिची नैतिक दृष्टी आहे. म्हणूनच अखेरच्या प्रकरणात झाडावर दबा धरून बसलेला बाप हरीण, अस्वल, हरिणी आणि तिचे पाडस पाहूनही गोळी झाडीत नाही आणि रिकाम्या हाताने घरी येऊन ती हकिगत मुलींना सांगतो, तेव्हा त्या न झाडलेल्या गोळीला वजन येते. मांस म्हणजे काय हे घराला ठाऊक असल्यामुळेच हा नकार भाबडा वाटत नाही.

तथापि या उबेलाही तिचे वगळणे आहे. ते रान जणू निर्मनुष्य होते असे पुस्तक मानते. तेथील मूळ रहिवाशांची शिकार आणि त्यांची चूल त्यात नाही. वाइल्डर यांच्या साहित्यातील मूळ रहिवाशांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रणावरून पुढे वाद झाला आणि 2018 मध्ये त्यांच्या नावाच्या पुरस्काराचे नाव बदलण्यात आले. स्वतःच्या हाताने मांस कापणे हे सात्त्विक स्वावलंबन ठरते, ते अंशतः कापणारा कोण आहे यामुळे.

मराठी वाचकाला हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (1978) मेलेल्या ढोराच्या मांसाचा अनुभव मराठी गद्यात आणला. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने (2015) मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची तपशीलवार नोंद केली. तीत वाळविलेल्या मांसाच्या चान्याही आहेत. वाइल्डरच्या ओंडक्यातील धुरी आणि अंगणात वाळणाऱ्या चान्या यांत टिकविण्याची बुद्धी एकच आहे. एकीकडे मात्र ती रम्य बालपण म्हणून वाचली जाते आणि दुसरीकडे लाजेची खूण म्हणून. येथे शिकार नाही, नायक नाही. केवळ काम आहे आणि ते जन्माने लादलेले आहे. आपल्या समीक्षेने अशा तपशिलांना दीर्घकाळ ‘समाजशास्त्रीय सामग्री’ म्हणून बाजूला ठेवले. शिकारीच्या वर्णनाला मात्र तिने शैलीचे निकष लावले.

हा दुजाभाव वाङ्मयीन नाही. कोणत्या सुरीला कथानक मिळावे आणि कोणत्या सुरीला फक्त दाखला, हे वाङ्मयाबाहेर ठरलेले असते आणि समीक्षा ते निमूटपणे आत घेते. शिकारकथा वाचताना बारानंतरच्या मौनाकडे लक्ष दिले, तर ते मौन कोणाच्या हातांचे आहे हे कळू लागते. पाटोळे यांच्यासारख्या ग्रंथातील वाटे घालण्याचा, मीठ लावण्याचा, वाळविण्याचा क्रम हा निवेदनाचाच क्रम आहे. त्याला फॉकनरच्या अस्वलाइतकेच काटेकोर वाचन मिळाले पाहिजे.