वाळवंटांतील पाट्या आणि आराखडे

जुगाराच्या हॉटेलांचें वास्तुशिल्प हा वाङ्मयीन मासिकांत चर्चा करण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांस येईल. ती आम्हांसही आली होती. ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’ या १९७२ सालच्या ग्रंथानें ती दूर केली. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन आयझेनूर या त्रयीचा हा ग्रंथ. १९६८ सालीं येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह त्यांनीं नेवाडाच्या वाळवंटांतील या शहराची पाहणी केली, आणि ज्या रस्त्याकडे पाहून विद्वान् नाकें मुरडीत त्याच रस्त्याकडे गंभीरपणें पाहण्यास शिकविलें.

मोटारींतून वेगानें जाणाऱ्या प्रवाशास इमारत दिसत नाहीं, पाटी दिसते. म्हणून पाटी उंच आणि इमारत ठेंगणी. आंत साधी वखार, बाहेर शृंगार. हा सिद्धान्त ग्रंथकारांनीं नकाशांच्या आधारानें व खेळकर बुद्धीनें मांडला आहे. जुगाराच्या नीतीचा प्रश्न त्यांनीं मुद्दामच बाजूस ठेवला. त्यास आमचा आक्षेप नाहीं. आंतील मंद उजेडाच्या दालनांविषयींही ते लिहितात, परंतु त्यांचें मन रमतें तें रस्त्यावरच. दाखवावयाचे दांत इतक्या बारकाईनें मोजणाऱ्यांनीं खावयाचे दांतही मोजावयास हवे होते.

तें साधन आज उपलब्ध आहे. लास व्हेगास येथील नेवाडा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत मार्टिन स्टर्न या वास्तुशिल्पज्ञाचे आराखडे जतन केलेले आहेत. या शहरास आपल्याच इमारती पाडण्याची मोठी हौस. १९५२ चें ‘सँड्स’ १९९६ सालीं, तर १९५८ चें ‘स्टारडस्ट’ २००७ सालीं सुरुंगांनीं जमीनदोस्त झालें. जेथें वास्तु टिकत नाहीं, तेथें तिचा कागदच साक्ष देतो. स्टर्न यांच्याच १९७३ सालच्या ‘एमजीएम ग्रँड’ची गोष्ट पाहा. २१ नोव्हेंबर १९८० रोजीं तेथील उपाहारगृहांत आग लागून ८५ माणसें दगावलीं. तेथें व जुगाराच्या दालनांत आपोआप पाणी फवारणारी व्यवस्था नव्हती. आणि बहुतेकांचा बळी ज्वाळांनीं नव्हे, तर जिने, लिफ्टच्या पोकळ्या व हवेचे मार्ग यांतून वर चढलेल्या धुरानें घेतला. पाटी कितीही वाचली तरी ही गोष्ट कळावयाची नाहीं. त्यासाठीं आराखडाच उघडला पाहिजे.

तथापि केवळ आराखड्यांवर भिस्त ठेवणेंही बरें नव्हे. त्यांत धन्याची इच्छा उमटते, चाकराची नाहीं. जे कृष्णवर्णी गायक या हॉटेलांत रात्रीं श्रोत्यांस रिझवीत, त्यांनाच तेथें खोली मिळत नसे. शहराच्या पश्चिम भागांत त्यांना बिऱ्हाड शोधावें लागे. १९५५ सालीं उघडलेल्या ‘मूलाँ रूज’नें सर्वांस दार मोकळें केलें, तें कांहीं महिन्यांतच बंद पडलें. परंतु १९६० सालीं हा भेद मिटविण्याचा करार झाला तो त्याच वास्तूंत.

याहून जुनी गोष्ट पाण्याची. लास व्हेगास या स्पॅनिश नांवाचा अर्थच ‘कुरणें’. ज्या झऱ्यांनीं तीं पोसलीं व ज्यांच्या आश्रयानें दक्षिणी पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांच्याच भोंवतीं १९०५ सालीं रेल्वेनें भूखंडांचा लिलाव केला. १९३१ सालीं राज्यानें जुगार कायदेशीर ठरविला. त्याच सालीं कोलोरॅडो नदीवरील प्रचंड धरणाचें काम सुरू झालें. अतोनात उपशानें ते झरे १९६२ पर्यंत आटले, आणि आज शहराची तहान मुख्यतः त्या नदीवर भागते.

हा ग्रंथ आमच्या वाचकांनीं अवश्य वाचावा. डोळसपणें पाहावें कसें, हें तो उत्तम शिकवितो. मात्र त्याच्या शेजारीं हे आराखडे असावेत, आणि आराखड्यांशेजारीं आटलेल्या झऱ्यांची व पश्चिम भागांतील बिऱ्हाडांची हकीकतही असावी. तोंवर या शहराचें परीक्षण पुरें झालें, असें आम्हांस म्हणवत नाहीं.