समुद्रापासून समुद्रापर्यंत : राजचिन्हातलं अर्धं स्तोत्र

आपल्यापैकी ज्यांच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आहे, त्यांनी त्यावरचं सोनेरी राजचिन्ह एकदा निरखून पाहावं. तळाच्या पट्टीवर लॅटिन ब्रीदवाक्य आहे. त्याचा अर्थ, समुद्रापासून समुद्रापर्यंत. अटलांटिक ते पॅसिफिक, असा साधा भूगोल वाटतो. पण १९२१ साली राजचिन्हात आलेले हे शब्द बायबलमधले आहेत, ७२व्या स्तोत्राच्या आठव्या वचनातले.

मी ख्रिस्ती नाही. पण आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात क्लायंटने डॉक्युमेंटमधली एकच ओळ दाखवली, की आधी सगळं पान मागायची सवय लागते. म्हणून ते स्तोत्र पूर्ण वाचलं. ती राजासाठी केलेली प्रार्थना आहे. त्याची सत्ता दूरवर पसरो हे मागणं त्यात आहे खरं, पण बाराव्या वचनापासून त्याचं कारणही दिलं आहे. हा राजा हाक मारणाऱ्या दुबळ्याला सोडवतो, ज्याला कोणी वाली नाही त्याच्या पाठीशी उभा राहतो, गरिबाचा जीव त्याला मोलाचा वाटतो. म्हणजे सत्तेचा विस्तार हे त्या प्रेमाचं फळ. राजचिन्हाने विस्तार उचलला आणि कारण गाळलं. माझा आक्षेप एवढाच आहे.

ब्रीदवाक्य छोटंच असणार, हे मान्य. पण त्या गाळलेल्या भागाची किंमत या देशात मूलनिवासी मुलांनी मोजली. सरकारच्या पैशावर आणि चर्चच्या देखरेखीखाली चाललेल्या निवासी शाळांत १,५०,०००हून अधिक मुलं घातली गेली. त्यांचं घर तुटलं, भाषा तुटली. सरकारने २००८ मध्ये संसदेत माफी मागितली, पोप फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये अल्बर्टात येऊन मागितली.

राजाची प्रतिमा वापरूनही प्रेम राखता येतं, याचं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. नाव राजेशाही, पण बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही दार उघडं. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेलेल्या या कवीला देशप्रेम आणि ईश्वरी प्रेम यांत तंटा दिसला नाही, कारण त्यांच्या ख्रिस्ताजवळ राजदंडापेक्षा आईची माया अधिक होती.

कॅनडाच्या राजचिन्हात १९९४ पासून ढालीभोवती आणखी एक लॅटिन वाक्य आहे, 'ऑर्डर ऑफ कॅनडा' या सन्मानाचं. त्याचा आशय, अधिक चांगल्या देशाची आस. हेही बायबलमधलंच, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातलं. तिथे तो देश स्वर्गातला आहे, आणि त्याची आस धरणारे अब्राहामासारखे घर सोडून निघालेले परके प्रवासी आहेत. इथे ते शब्द पृथ्वीवरच्या देशाला लावले आहेत. हा बदल मला खटकत नाही. देश अजून पुरता चांगला झालेला नाही, अशी कबुली त्यात आहे, आणि ती पहिल्या ब्रीदाची उणीव थोडी भरून काढते.

तेव्हा मुलांना राजचिन्ह दाखवताना दोन्ही वाक्यं सांगावीत, आणि गाळलेली वचनंही आपल्या शब्दांत सांगावीत. ते अवघड नाही. रंजल्यागांजल्यांचा देव तुकोबांमुळे आपल्या घरी ओळखीचाच आहे.